तळहातापलीकडे न दिसणारं भिंग

भिंग घ्यावं की घेऊ नये, या प्रश्नावर आमच्या घरात सव्वीस दिवस चर्चा झाली. हे घर घेतलं तेव्हा तीन दिवसांत आटोपलं होतं. आणि माझ्याशी लग्न करायचं की नाही हे तर आमच्या ह्यांनी अर्ध्या तासात ठरवलं होतं. "तेव्हा विचार करायची सवय नव्हती," असं ते त्याबद्दल अजूनही सांगतात, आणि सांगताना माझ्याकडे बघत नाहीत.

हे पाण्याच्या मीटरच्या खात्यात होते. जन्मभर आकडे बघून नोंदी केल्यामुळे कुठलीही गोष्ट दोन रकान्यांत घातल्याशिवाय त्यांना ती झाल्यासारखी वाटत नाही. त्यांनी जुन्या कॅलेंडरचं पान उलटं केलं, मधोमध रेघ मारली, एका बाजूला 'घ्यावं' लिहिलं आणि दुसऱ्या बाजूला 'घेऊ नये'. पहिल्या संध्याकाळीच 'घेऊ नये'खाली नऊ मुद्दे झाले. 'घ्यावं'खाली एकच होता, 'हिची इच्छा'. त्याच्यापुढे बारीक प्रश्नचिन्ह.

इच्छा कशाची, ते सांगते. माझ्याकडे एक बी आहे. खसखशीच्या दाण्याहून किंचित मोठी, काळी, चकचकीत, चपटी. गोड गोळ्यांच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत ती एक्केचाळीस वर्षं आहे. तीन घरं बदलली, भांडीकुंडी हरवली, लग्नातला शालू कसरीने खाल्ला, पण बाटली कधी हरवली नाही. मी हरवू दिली नाही.

मी बियाणे तपासणीच्या प्रयोगशाळेत चौतीस वर्षं नोकरी केली. काम असं की, शेतकऱ्यांना विकायच्या बियाण्याचा मूठभर नमुना समोर यायचा आणि त्यातलं चांगलं बी, तणाची बी आणि कचरा वेगवेगळा करून वजन लिहायचं. बारा टेबलं, बारा जणी, प्रत्येकीपुढे पांढरा ट्रे, हिरव्या टोपीचा दिवा, हातभिंग आणि चिमटा. माझा चिमटा माझा स्वतःचा होता. सरकारी चिमट्याच्या टोकांनी माझं समाधान व्हायचं नाही, म्हणून मी घरून आणला होता. त्यावरून मला सगळ्या 'चिमटेवाली' म्हणायच्या. मला त्याचा अभिमान होता, आणि ती टर होती हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका नमुन्यात ही बी निघाली. दिसायला रानमाठाची, पण काठावर एक खाच. रानमाठाला अशी खाच नसते. मी दहा वेळा हातभिंग लावलं आणि तक्त्यात लिहिलं, 'ओळख पटत नाही. वेगळी जात असावी.' आमच्या प्रमुख, त्यांना सगळेच मोठ्या बाई म्हणायचे, त्या बी घेऊन आपल्या खोलीत गेल्या. प्रयोगशाळेतला एकुलता एक सूक्ष्मदर्शक तिथे खोळ घालून ठेवलेला असायचा आणि त्याला हात लावायची आम्हाला परवानगी नव्हती. पाच मिनिटांनी त्या बाहेर आल्या, अकरा जणींच्या देखत माझ्या वाक्यावर लाल रेघ मारली आणि वर लिहिलं, 'रानमाठ'. बी माझ्या ट्रेत परत ठेवून त्या गेल्या, आणि संध्याकाळी मी ती घरी आणली. माझे कान इतके तापले की दिव्याची गरज राहिली नाही. पुढच्या आठवड्यात त्यांनी माझ्या टेबलावर एक नवा कोरा चिमटा आणून ठेवला. तो मला जखमेवर मीठ चोळल्यासारखा लागला. मी तो वेष्टनातून काढलासुद्धा नाही. आजही माझ्या खणात तो तसाच आहे. त्यांच्या निरोप समारंभाच्या दिवशी माझ्या पोटात दुखत होतं. म्हणजे रजेच्या अर्जात दुखत होतं.

आणि यंदा पत्र आलं. तणांच्या बियांची ओळख सांगणारी खात्याची पुस्तिका नव्याने निघणार होती. निवृत्त कर्मचाऱ्यांनी नवीन नोंद असल्यास महिनाअखेर पाठवावी. नोंद स्वीकारल्यास पुस्तिकेत त्यांचं नाव छापलं जाईल. सोबत बीचं छायाचित्र, 'अत्यंत स्पष्ट, काठ आणि पृष्ठभाग दिसेल असं'. मी पत्र तीनदा वाचलं आणि खणातून बाटली काढली. एक्केचाळीस वर्षांनी का होईना, ती लाल रेघ छापील कागदावर पुसली जाणार होती.

हे म्हणाले, "अगं, मग प्रयोगशाळेतच जा ना. सूक्ष्मदर्शक तिथेच असेल."

गेले. दारावरच्या माणसाने मला उभं केलं आणि विचारलं, "कुणाला भेटायचंय, आजी?" चौतीस वर्षं मी ज्या दारातून बॅग हलवत आत गेले, त्या दारात मी आजी झाले. आत एका टेबलावरच्या मुलीने सांगितलं, की बाहेरच्या व्यक्तीला उपकरण वापरायचं असेल तर अर्ज करावा लागतो, उत्तर पंचेचाळीस कामकाजाच्या दिवसांत मिळतं. मी म्हटलं, "मी बाहेरची नाही." ती म्हणाली, "ओळखपत्र आहे?" मी परत आले. सूक्ष्मदर्शक त्या खोलीत आता नव्हताच. तिथे पाणी थंड करायचं यंत्र होतं.

मग शेजाऱ्यापाजाऱ्यांचे सल्ले सुरू झाले. वरच्या मजल्यावर शिवणकाम करणारी बाई राहते. ती म्हणाली, "काकू, एवढं काय त्यात? मोबाईलला लावायचं चिमटीचं भिंग मिळतं. माझ्या मुलीकडे आहे." ते आणलं. त्यातून ह्यांच्या अंगठ्याचं नख इतकं सुरेख दिसलं की हे दोन दिवस नखं कापत होते. बी मात्र एक काळा डाग दिसली, डास मारल्यासारखी.

खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर म्हणाले, "माझ्याकडे मॅक्रो लेन्स आहे. रोज दातांचे फोटो काढतो. या खाली." मला वाटलं, सुटले. त्यांनी मला रुग्णांच्या खुर्चीत बसवलं, कारण दुसरी खुर्ची नव्हती, आणि बी माझ्या तळहातावर ठेवून फोटो काढला. संगणकावर माझा तळहात एखाद्या नांगरलेल्या शेतासारखा आला आणि त्यात बी तिळाएवढी. डॉक्टर म्हणाले, "बरोबर आहे. माझी लेन्स वस्तू आहे तेवढीच टिपते. दाताला पुरते. तुमची बी म्हणजे दाताचा विसावा हिस्सा नाही. तुम्हाला पाचपट मोठं करणारी वेगळी लेन्स लागेल." मग, आता मी खुर्चीत बसलेच होते म्हणून, त्यांनी मला आ करायला सांगितलं. उजवीकडच्या दोन दाढा काढाव्या लागतील म्हणाले. फोटो काढायला गेले आणि दाढा काढायच्या ठरवून आले.

इथे आमच्या भावजींचा प्रवेश झाला. भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. त्यांना फोटोग्राफीतलं सगळं येतं. फक्त फोटो येत नाहीत. आमच्या लग्नात त्यांनी अडीचशे फोटो काढले होते, त्यातल्या निम्म्यात माझं डोकं नाही आणि उरलेल्यात मंडपाचा खांब आहे. पण कॅमेरा त्यांच्याकडेच होता, त्यामुळे भिंगाच्या दुकानात त्यांनाच न्यावं लागलं.

दुकानदाराने ती लेन्स काचेच्या कपाटातून दोन्ही हातांनी काढली. मी किंमत विचारली. त्याने सांगितली. ह्यांनी काउंटरचा काठ धरला. आमच्या फ्रिजची किंमत तेवढी नव्हती, आणि फ्रिजला आतून दिवा तरी आहे.

"एक सांगतो, आजी," दुकानदार म्हणाला. म्हणजे इथेही आजीच. "ही लेन्स फक्त याच कामाची. हिच्यातून नातवंडांचे फोटो निघत नाहीत. डोंगर नाही, समुद्र नाही, वाढदिवस नाही. वस्तू हिच्या नाकाशी आणायची. तळहातापलीकडचं हिला काही दिसत नाही."

"म्हणजे हिच्यासारखीच," हे म्हणाले. दुकानदार मोठ्याने हसला. मी हसले नाही.

"आणि एका फोटोत बीचा केसाएवढाच भाग स्पष्ट येणार," तो पुढे म्हणाला, "बाकी धूसर. तेव्हा कॅमेरा केसाकेसाने पुढे सरकवत साठ-सत्तर फोटो काढायचे आणि संगणकात एकावर एक जोडायचे."

"ते मला येतं," भावजी म्हणाले. ह्यांनी काउंटर आणखी घट्ट धरला.

शेवटी असं ठरलं की लेन्स चार दिवस भाड्याने न्यायची, वापरून बघायची, आणि पटली तर घ्यायची. ठेव म्हणून एखादं मूळ कागदपत्र लागेल, असं दुकानदार म्हणाला. ह्यांचं वाहन चालवण्याचं परवानापत्र ठेवलं. त्यामुळे पुढचे चार दिवस हे स्कूटर न चालवता सगळीकडे पायी गेले, आणि प्रत्येक वेळी परत आल्यावर यादीत एक मुद्दा वाढला. 'घेऊ नये, मुद्दा क्रमांक तेरा : गुडघे.'

पहिल्या दिवशी जेवणाच्या टेबलावर सगळा सरंजाम मांडला. कॅमेरा, खाली सरकती पट्टी, दोन दिवे, पांढरा कागद, कागदावर माझी बी. भावजींनी पहिला फोटो काढला. बीच्या जागी एक लांबट ढग. दुसरा, ढग. दहा फोटो झाले, दहा ढग. मग लक्षात आलं की वरती शिवणयंत्र चालू आहे. आम्हाला ते कधी जाणवलंही नव्हतं, पण त्या भिंगाला वरच्या मजल्यावरचा प्रत्येक टाका कळत होता.

मी वर गेले. शिवणवाली म्हणाली, "काकू, तीन दिवसांत बारा गणवेश द्यायचेत. दुपारी दोन ते तीन मी आडवी होते, तेवढ्यात उरका."

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता यंत्र थांबलं. मी फ्रिज बंद केला. पंखा बंद केला. हे श्वास रोखून दारात उभे राहिले. भावजी एका हातात दिवा आणि दुसऱ्या हातात कॅमेऱ्याचं बटण दाबायची तार धरून, वाकून, हलायचं नाही या हुकमाखाली पुतळा झाले होते. मी कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यात पाहिलं. बी दिसली. आयुष्यात पहिल्यांदा मी तिला इतकी मोठी पाहिली, डबीच्या झाकणाएवढी. तिच्यावर मात्र धुळीचा एक कण होता.

आता जे झालं ते सांगायला मला अजूनही जड जातं. चौतीस वर्षं नमुना ट्रेमध्ये पसरला की आम्ही सगळ्या एक गोष्ट करायचो. ट्रे जरा तिरका धरून हलकेच फुंकर. भुसा उडतो, बी राहते. शिकवावं लागत नाही, ओठ आपोआप पुढे येतात. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी मी डाळ निवडताना फुंकते, पत्र उघडण्याआधी फुंकते. डॉक्टर सांगतात ते ऐकतानाही माझे ओठ पुढे आलेले असतात.

मी फुंकले.

धुळीचा कण उडाला. बीही उडाली. नमुन्यातली ताजी बी जड असते हो, जागची हलत नाही. ही एक्केचाळीस वर्षं बाटलीत वाळलेली.

"गेली?" हे दारातून म्हणाले.

"कुणीही पाय उचलायचा नाही," मी म्हटलं. हा आवाज मी नोकरीतसुद्धा कधी काढला नव्हता.

"वहिनी, माझ्या पाठीत उसण—"

"भावजी, जागचे हलू नका."

तीन वाजता वर शिवणयंत्र सुरू झालं, तेव्हा भावजी अजून वाकलेलेच होते आणि मी गुडघ्यांवर होते. मऊ ब्रशने मी खोलीतली सगळी धूळ कागदावर गोळा केली. टेबलाखालची, सोफ्याखालची, पडद्याच्या घडीतली. मग पद्धतशीर बसले. ढीग निम्मा करायचा, निम्म्याचा निम्मा करायचा, एकेक वाटा ट्रेमध्ये पसरायचा, हातभिंग आणि चिमटा घेऊन डावीकडून उजवीकडे जायचं. नोकरीतली सगळी शिस्त. हे वहीत लिहून घेत होते. आमच्या घरच्या धुळीत काय काय निघालं : पेन्सिलीचं टोक, नाडीचं लोखंडी टोक, साखरेचे दाणे, माझे केस, ह्यांचे केस (हे म्हणाले, "हे माझे नाहीत, मला इतके नाहीतच"), आणि सोफ्याच्या खाचेत बसून आमच्याबरोबर घरं बदललेला, मुलीच्या लहानपणच्या बाहुलीचा एक डोळा. तो डोळा शोधत मुलगी आठवडाभर रडली होती. ती आता पंचेचाळीस वर्षांची आहे. डोळा मी बाजूला ठेवला. बी नव्हती.

शिवणवाली हातात गणवेश घेऊन डोकावली आणि म्हणाली, "काकू, माठाची बी ना? मी आणून देते बाजारातून, मूठभर." त्या वेळी तिला काय उत्तर दिलं ते मी इथे लिहीत नाही. ती माझ्याशी अजून बोलते, हा तिचा मोठेपणा.

संध्याकाळी भावजी पाठीला पट्टा बांधून घरी गेले. रात्रीचं जेवण मला गेलं नाही. हे म्हणाले, "अगं, जाऊ दे. एवढीशी बी."

मी म्हटलं, "तुमचं परवानापत्र हरवलं असतं तर?"

"तर दुसरं काढलं असतं."

ह्यांना बी आणि परवानापत्र यातला फरक समजावून सांगण्यात अर्थ नव्हता. मी अंथरुणावर पडून छताकडे बघत फुंकर कुठल्या दिशेला गेली असेल त्याचा हिशेब करत होते. टेबल, दिवा, दिव्यामागे भावजी. आणि एकदम मी उठून बसले. भावजींच्या पँटच्या दुमडी! आमचे भावजी अजून पायाशी बाहेरून दुमड घातलेल्या पँट शिवून घेतात.

सकाळी सहाला मी फोन केला. "भावजी, कालची पँट धुवायला टाकू नका."

"वहिनी, ती बादलीत भिजत घालायला काढलीय—"

"पाण्यात गेली?"

"अजून नाही."

"तशीच चादरीत गुंडाळून आणा. झटकू नका. आणि बसमध्ये बसू नका, उभे राहून या."

भावजी पँट एखाद्या तान्ह्या मुलासारखी दोन्ही हातांवर घेऊन आले. बसमध्ये एका बाईने त्यांना बसायला जागा दिली आणि विचारलं, मुलगा की मुलगी. मी डाव्या पायाच्या दुमडीची शिवण उसवली. काही नाही. उजव्या दुमडीत दोऱ्यांचा गुंता, बसचं तिकीट, आणि त्या तिकिटाच्या घडीत माझी बी. मला रडू आलं. ह्यांनी यादीत 'घ्यावं'खाली दुसरा मुद्दा लिहिला, 'सापडली', आणि थोडा विचार करून खोडला.

तिसऱ्या दिवशी दुपारी दोन ते तीन आम्ही फोटो काढले. सत्तर. माझ्या तोंडाला मी स्वतःच रुमाल बांधला होता. भावजींनी ते संगणकात घातले, आणि त्यांना खरोखरच येत होतं, हे नाइलाजाने मान्य करावं लागतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंत संगणक गुरगुरत राहिला आणि चौथ्या दिवशी, लेन्स परत करायच्या आदल्या सकाळी म्हणा, पडद्यावर माझी बी आली. ताटाएवढी. काळ्या काचेसारखी चमक. आणि काठावर खाच.

"वा वहिनी!" भावजी म्हणाले.

मी जवळ गेले. खाच होती. पण खाचेपासून सुरू होऊन बीच्या पाठीवर तीन बारीक रेघा गेल्या होत्या. समांतर. दोन पूर्ण, मधली अर्धी.

कुठल्याही बीच्या अंगावर तीन समांतर रेघा उगवत नाहीत. मी खणातून माझा जुना चिमटा काढला आणि भावजींना म्हटलं, "याच्या टोकाचा काढा फोटो." त्यांनी काढला. टोकाच्या आतल्या बाजूला पकडीसाठी दात असतात. माझ्या चिमट्याला तीन. मधला अर्धा तुटलेला.

हे आकडे वाचणारे, त्यांना लगेच कळलं. खाच बीची नव्हती. माझी होती. एक्केचाळीस वर्षांपूर्वी मी ती बी उचलताना जोर जास्त लावला, आणि मग हातभिंग घेऊन मीच केलेल्या जखमेचं मी संशोधन केलं. भिंग चांगलं होतं. इतकं चांगलं होतं की माझ्या जन्माचा एकुलता एक अन्याय त्याने चार दिवसांच्या भाड्यात काढून घेतला.

तेवढ्यात भावजींनी खात्याच्या माणसाला फोन लावून माझ्या हातात दिला होता, कारण खात्याच्या संगणकावरच्या अर्जात फोटो चढत नव्हता.

"मॅडम, फोटो दोनशे केबीच्या आत हवा," तिकडून आवाज आला.

मी म्हटलं, "पत्रात लिहिलंय, अत्यंत स्पष्ट हवा."

"हो. अत्यंत स्पष्ट हवा आणि दोनशे केबीच्या आत हवा."

भावजींनी फोटो लहान केला, आणखी लहान केला, आणि तो चढला. आणि आम्ही तिघं पडद्याकडे बघत राहिलो. त्या लहान फोटोत रेघा नाहीशा झाल्या होत्या. खाच मात्र होती, ठळक, सुबक, जन्मजात वाटावी अशी. अर्जात खाली निळं बटण होतं, 'पाठवा'.

"वहिनी, दाबू?" भावजींनी हळूच विचारलं. "त्यांना काय कळणार आहे?"

खोटं सांगत नाही, मी लगेच नको म्हटलं नाही. पुस्तिकेत माझं नाव मला दिसत होतं. आणि ती पुस्तिका टपालाने एका घरी जाणार, हेही दिसत होतं. मोठ्या बाई अजून आहेत. नव्वदीला टेकल्यात, शहराच्या दुसऱ्या टोकाला भाचीकडे असतात. कुणीतरी ती पुस्तिका त्यांना वाचून दाखवेल.

"थांबा," मी म्हटलं. "आधी एक फोन करते."

फोन त्यांनीच उचलला. "कोण?"

"बाई, मी. तिसऱ्या टेबलावरची."

"चिमटेवाली?"

माझे कान तापले. "हो. बाई, ती बी रानमाठच होती."

"हो मग."

"खाच चिमट्याने पडली होती."

"तुझ्याच. मधला दात तुटका होता. म्हणून तर नवा आणून दिला तुला. तू तो उघडला नाहीस, मी रिटायर होईपर्यंत वाट पाहिली."

"मग तेव्हा का नाही सांगितलंत?"

"अगं, अकरा जणी मान वर करून बघत होत्या. 'वेगळी जात नाही, हिने चिमट्याने फोडली' असं लिहिलं असतं, तर आली असतीस दुसऱ्या दिवशी कामाला? नुसतं खोडलं की माणूस रागावतं. रागावलेलं माणूस नोकरी सोडत नाही."

मी हिशेब केला. खरंच, एक दिवससुद्धा सोडली नव्हती मी. त्यांच्या निरोप समारंभाचा तेवढा एक दिवस सोडून.

"कशाने दिसलं तुला?" बाईंनी विचारलं. मी लेन्सचं सांगितलं.

"अजून आहे ते भिंग तुझ्याकडे?"

"उद्या परत करायचंय."

"मग आज घेऊन येतेस? माझ्याकडेही एक आहे."

"काय, बाई?"

"बी. माझ्या साहेबांनी खोडली होती. पासष्ट वर्षं झाली. उशाशी डबीत आहे. आता माझी नजर गेली, तू बघून सांग."

मी "येते" म्हटलं आणि फोन ठेवला. भावजींना अर्ज बंद करायला सांगितला. त्यांनी तोंड वाकडं केलं, पण बंद केला. मग मी खुर्चीत बसून राहिले. बाईंची बी खरोखरच वेगळी असेल. असू शकते. बाई माझ्यासारख्या नव्हत्या, त्यांचा हात हलका होता. पण माझाही हलका आहे, असं मला आज सकाळपर्यंत वाटत होतं.

मी ह्यांच्या हातातून पेन्सिल घेतली आणि कॅलेंडरच्या पानावर 'घेऊ नये'खाली शेवटचा मुद्दा लिहिला, 'सगळं स्पष्ट दिसतं.'

हे चष्मा वर करून म्हणाले, "अगं, हा मुद्दा त्या बाजूचा आहे."

"असू दे इथेच."

दुपारी आम्ही दोघं पायी दुकानात गेलो आणि लेन्स एक दिवस आधी परत केली. "नाही आवडली, आजी?" दुकानदार म्हणाला. मी म्हटलं, "फार जवळून बघते." ह्यांना त्यांचं परवानापत्र मिळालं. त्यांनी ते दोनदा उघडून पाहिलं, जणू आत आणखी कुणी असेल.

घरी येऊन मी बाईंना फोन केला. वाक्य वाटेत तयार केलं होतं. "बाई, भिंग परत करून टाकलं. काही कामाचं नव्हतं. त्यातून सगळं धूसरच दिसायचं."

"असं?" बाई म्हणाल्या. "मग तुझ्या चिमट्याचा अर्धा दात कसा दिसला?"

एक्केचाळीस वर्षांत दुसऱ्यांदा त्यांनी माझ्या वाक्यावर रेघ मारली होती, फक्त या वेळी फोनवरून. पलीकडे डबीचं झाकण उघडल्याचा बारीक आवाज आला, आणि परत लावल्याचा.

"बरं केलंस," बाई म्हणाल्या. "आता तो नवा चिमटा तरी उघड."

उघडला. वेष्टन पिवळं पडलं होतं, पण टोकं चकचकीत होती आणि दात सगळे जागच्या जागी होते. त्याने मी बी अलगद उचलली, बाटलीत सोडली, बूच लावलं. तिच्यावर धुळीचा एक कण बसलेला होता. फुंकर मारली नाही.